गल्लीला वाटलं प्रॅक्टिस चाललीय

आक्का, आक्का म्हणून मी वरडालते आणि उंबऱ्यात पाय अडकून पडता पडता वाचले, पोरगी कडंवर हुती, तिनं तोंड माज्या खांद्यात दाबलेलं, आणि माज्या डाव्या कानात नुसतं कुई वाजालतं, दुसरं काय ऐकूच येईना. वठाला हात लावला तर बोटं लाल. ऐतवारची दुपार हुती. समोरच्या कट्ट्यावर बाया लसूण सोलत बसलेल्या. मला वाटलं आता उठतील, आता पळत येतील, आणि मी गल्लीच्या मधी उभी ऱ्हाऊन परत वरडले, सोडवा मला, मारंल तो मला.

आक्कानं वर बघितलं. आक्का म्हणजे आमच्या समोरच्या दाराची, माज्या आईच्या वयाची, त्या गल्लीत मला आपलं म्हणणारी ती एकटीच. तिनं हात पदराला पुसलं आणि हासली.

"व्हय गं बाई, ऐकालोय. आज लई खरं वाटालंय."

दुसरी म्हणाली, "काल एवढं जमलं न्हवतं."

"आणि रगात बी लावलंय बघा. कुंकू कालवलंय काय गं?"

कुणीतरी टाळी वाजवली.

तवर तो दारात आला. माजा नवरा. छाती वरखाली हुयालती, हाताची मूठ तशीच. तेनं बायांस्नी बघितलं आणि तेचं तोंड बदललं, मी डोळ्यांनी बघितलं ते, नळ बंद केल्यावर पाणी कसं थांबतंय तसा तेचा राग आत गेला. एक हात चौकटीवर ठेवला, मान वर केली आणि नाटकातल्या आवाजात म्हणाला, "या दाराबाहेर पाऊल टाकलंस, तर या घरात तुझं नाव कुणी काढणार नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडीवरनं जाणारा एक माणूस बी थांबला बघायला.

आक्का उठली, माज्याकडं आली, पाठीवर हात ठेवला. मला वाटलं आता मला घरात घेऊन जाईल, पाणी देईल. तिनं मला खांद्याला धरून हळूच वळवलं आणि माज्याच दाराकडं ढकललं. "जा आत, सीन पुरा कर. मधीच सोडू नको, तेचा मूड जातोय."

मी आत गेले. तेनं दार लावलं.

आता पयल्यापास्नं सांगते, न्हायतर तुमाला वाटंल हे काय येड्यासारखं.

माजं माहेर जांबोटीच्या पल्याड, रानात. आठवीपतोर शाळा गावात, पुढं बसनं जायचं, आणि पावसाळ्यात बस यायची न्हाय, चालत गेलं की शाळा सुटायची येळ व्हायची. नववीत सुटलं माजं. पण वाचायला लई आवडायचं, शेंगदाणं बांधून आलेला कागद बी मी वाचून मग टाकायची. लगीन होऊन हिकडं आले, बेळगावच्या अगदी जवळ, गावाचं नाव लिहीत न्हाय. नवरा उद्यमबागला फाउंड्रीत. सांजचं गाडीवरनं यायचा तवा कानात, नाकात काळी वाळू. सासू थोरल्या दिराकडं मळ्यात असती. घरात आमी तिघंच, तो, मी आणि पोरगी, पोरगी आता कुटं चालाय लागलीय.

आमच्या गावात जत्रंला दरवर्सी नाटक असतंय. मराठी. दुकानाच्या पाट्या कन्नड झाल्या, जमिनीचा उतारा कन्नड झाला, बसवरचं नाव कन्नड झालं, पण जत्रंतलं नाटक मराठीच, ह्येच्यावर सगळं गाव एक हाय. म्हणून नाटकातला हिरो म्हणजे साधा माणूस न्हाय. तेला हाटेलात चाचं पैसं कोण घेत न्हाय. आणि तेच्याबद्दल वाकडं बोललं म्हणजे नाटकाबद्दल बोललं, गावाबद्दल बोललं.

गावातली बाई मात्र नाटकात काम करत न्हाय. अजून न्हाय. बायकोच्या कामासाठी भाईरनं नटी आणत्यात, आमच्याकडं निपाणीची एक बाई येती. ती आज ह्या गावच्या नाटकात बायको, उद्या दुसऱ्या गावच्या. त्यामुळं ती फकस्त शेवटच्या दोन दिवसाला येती. तवर हिरोनं काय भिंतीबरोबर बोलायचं? कोण मित्राला वढणी देऊन उभा करत्यात. ह्या वर्सी हिरो माजा नवरा, तेनं मला उभं केलं.

ह्या वर्साचं नाटक येगळं हुतं. आमच्याच गावचे एक सर बेळगावात कॉलेजवर हायत, तेनी अमेरिकंतलं एक जुनं नाटक मराठीत आणलं. तिकडं लई गाजलेलं म्हणं. नाटक मंडळाची मीटिंग आमच्याच भाईरच्या सोप्यात झाली, मी चा देऊन सैपाकघराच्या दाराआड उभी. एक म्हातारं म्हणालं, "सर, अमेरिकंतलं आमच्या गावाला काय कळायचं?"

सर म्हणाले, "एक घर हाय. एक नवरा हाय, एक बायको हाय. ह्यात न कळण्यासारखं काय हाय?"

सगळी हासली. मग सरांनी गोष्ट सांगितली. नवरा कारखान्यात जातोय, घरी आला की बायकोनं दिवसभराचं सांगायचं, कोण आलतं, कोणाशी बोललीस, खिडकी का उघडी हुती. तिला शेरातल्या दुकानात कामाला जायचं हाय. तो आदी हासतोय, मग वरडतोय, मग मारतोय. शेवटाला ती पिशवी घेऊन दार उघडती आणि दारात उभी ऱ्हाती, आणि लाईट जाती. संपलं. सर म्हणाले, "ह्या नाटकात राजा न्हाय, तलवार न्हाय, पण सत्ता हाय. घरात सत्ता कुणाची, तेवढ्यासाठी दोघं झुंजत्यात."

म्हातारं म्हणालं, "ते झुंजू देत. पण ती दारात उभी ऱ्हायल्यावर पडदा पाडायचा न्हाय. आमच्या लेकीसुना बघायला येत्यात. ती परत आत आली पायजे."

सर म्हणाले, "बरं. येईल आत."

चाचे कप गोळा करताना मी हळूच इचारलं, "सर, अमेरिकंत ती दार उघडून कुटं जाती वो?"

सर खुश झाले. मला म्हणाले, "चांगला प्रश्न हाय. ते लेखकानं सांगितलेलं न्हाय. प्रेक्षकांवर सोडलंय."

मला ते पटलं न्हाय. ल्हान लेकरू असलेल्या बाईला कुटं जायचं ते आदी ठरवाय लागतंय. कुटली बस, कुणाच्या दारात उतरायचं, रातचं दूध कुटलं. मी कप घेऊन आत गेले.

नाटकाची झेरॉक्स आणून नवऱ्यानं माज्या हातात दिली. बायकोचं सगळं मी वाचायचं, नवऱ्याचं तो पाठ म्हणणार. पयलं काय दिवस मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. लगीन झाल्यापास्नं तो माज्यासमोर एवढा येळ कवा बसलाच न्हवता. मी वाचताना चुकायची. आमच्याकडं बाया "मी जातो, मी येतो" असंच म्हणत्यात, आणि झेरॉक्समधली बायको "जाते, येते" म्हणायची, जसं मी आता लिवाय लागलीय, तर तो हासायचा, "अगं जंगलातनं आलीस, पर तोंड तरी धू." मी बी हासायची. खिडकीत बाया उभ्या ऱ्हायच्या. "तूच का उभी ऱ्हात न्हाईस गं स्टेजवर?" म्हणायच्या. आक्का म्हणायची, "आवाज चांगला हाय हिचा, नुसतं शेजारणीला हाका मारून वाया चाललाय."

आता एक सांगाय पायजे. नाटकाच्या आदी बी तेनं माज्यावर हात टाकलता. पोरगी झाली तवा, आणि एकदा मी आईला फोन केला म्हणून. त्या दोन्ही येळंला आक्का आलती. दारावर लाथ घातली तिनं. "उघड रं, न्हायतर सगळी गल्ली बोलावतो" म्हणाली, आणि मला हाताला धरून आपल्या घरी नेली, दुधात हळद घालून दिली, आणि दुसऱ्या दिवशी तेला सगळ्यांसमोर म्हणाली, "परत आवाज आला तर बघ." मग तेनं लई दिवस हात टाकला न्हाय. गल्ली ऐकती, एवढंच तेला भ्या हुतं.

आणि नाटकानं तेचं ते भ्याच गेलं.

पयला तडाखा बसला तवा मी झेरॉक्सकडं बघालते. तितं लिवलेलं हुतं, नवरा हात उगारतो. मारतो असं न्हवतं लिवलेलं. मी गालाला हात लावून बघतच ऱ्हायले. तो बी जरा दचकला. मग खिडकीकडं बघितलं. भाईरनं आक्काचाच आवाज आला, "आता कसं, जमालंय."

तेला कळलं. त्याच टायमाला कळलं, मी बघितलं ते.

तितनं पुढं असं व्हायचं. जेवणात मीठ जास्त पडलं, न्हायतर आईचा फोन आला, न्हायतर कायच न्हाय, तो उठायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "घे, डायलॉग घे." आणि मग चालू. मी रडताना माज्या तोंडातनं माजं काय निघालं की म्हणायचा, "असं न्हाय लिवलेलं. लिवलंय तसं म्हण." मी मार खाता खाता अमेरिकंतल्या बाईचं बोलायची. मला ते सगळं पाठ झालं. अजून पाठ हाय.

माहेरी आईला फोन केला. आई म्हणाली, "नाटक संपू दे, निवळंल तो." सर घरी आलते तवा सरांस्नी सांगितलं, हातावरचं दाखवलं बी. सरांनी बघितलं. मग म्हणाले, "तो भूमिकेत शिरलाय. खऱ्या कलाकाराचं असं होतं. प्रयोग झाला की उतरंल." आणि जाताना तेच्या पाठीवर थाप मारून गेले.

आक्काला सांगितलं तवा ती पाट्यावर चटणी वाटालती. हात थांबला तिचा.

"मग परवाचं?"

"खरं."

"आणि त्या दिवशी आमी खिडकीत हुतो ते?"

"ते बी खरं, आक्का."

ती म्हणाली, "अगं पण आमाला कसं कळायचं? रोज तेच वरडणं, तेच रडणं. मी दार बडवायचं आणि आतनं नाटक निघायचं, मग गल्ली मलाच हासंल."

मग आमी दोघींनी ठरवलं. नाटकात बायको कुणालाच हाक मारत न्हाय, ती एकटीच असती घरात. म्हणून खरं असंल तवा मी "आक्का" म्हणून हाक मारायची. ती हाक आली की तिनं हातातलं टाकून यायचं. ती म्हणाली, "मी हाय. भिऊ नको." त्या रातीला मी झोपले.

दोन दिसानं मारलं तेनं, आणि मी हाक मारली. आक्का आली, बडवलं दार, दार उघडलं. तो हासत उभा. "या आक्का, बसा, चा घ्या. मी म्हणलं हिला, मधी एक हाक घाल, जरा आपल्यातलं वाटंल. तुमालाच खरं वाटलं म्हणजे पब्लिकला वाटणारच." आक्कानं माज्याकडं बघितलं. मी तेच्या बाजूला, जरा मागं उभी हुते आणि तेचा हात माज्या पाठीमागं, माजी वेणी तेच्या मुठीत. आक्का परत गेली.

दुसऱ्या दिवशी तेनं सरांस्नी सांगून ती हाक खरंच नाटकात घातली. सर म्हणाले लई भारी, मातीतलं वाटतंय. सगळ्या गल्लीला सांगितलं तेनं. आणि त्या ऐतवारी मी गल्लीत पळत आले आणि "आक्का" म्हणून वरडले, ते मी वर सांगितलंच.

निपाणीची बाई आली तवा शाळंच्या हॉलात प्रॅक्टिस. मला बी जावं लागलं, तिला साडी नेसवायला, केस बांधायला, बाईमाणूस म्हणून मीच. थोराड बाई, आवाज बसलेला, सारखी चघळत कायतरी. मी पोरगीला घेऊन कोपऱ्यात बसले आणि मारायचा सीन आला.

तेनं हात उगारला, जोरात आणला, आणि तिच्या गालाजवळ आणून थांबवला. बोटभर अंतर ठेवून. तिनं मान झटकली, पायानं फळी वाजवली, खाली पडली. परत एकदा घेतला. परत तसंच, बोटभर. परत घेतला. एकदा बी लागला न्हाय.

मी बघत बसले. मला आजपतोर वाटायचं तेला हात आवरत न्हाय. राग आला की तेचं तेलाच कळत न्हाय, असं सासू म्हणायची, आई म्हणायची, मी बी म्हणायची. आणि हितं तेला हात थांबवायला येत हुता. कुटं थांबवायचा ते बी येत हुतं. मी पोरगीला घेऊन भाईर गेले.

साडी सोडताना मी तिला इचारलं, "ताई, तुमाला कसं काय लागत न्हाय?"

ती म्हणाली, "मला लागलं तर मी उद्या येत न्हाय. नाटक पडतंय तेंचं. ते तेला म्हाईत हाय." आणि मग माजा दंड बघितला तिनं. पदर बाजूला केला आणि बघितला. "हे प्रॅक्टिसचं?"

मी व्हय म्हणून मान हालवली.

तिनं पिचकारी टाकली. मग म्हणाली, "माजी बी एक पोरगी हाय, नर्सिंगला हाय. घरात आमी दोघीच. निपाणीत स्टँडच्या मागच्या अंगाला ऱ्हातो आमी. तू ये. आदी चार दिवस नुसती झोप, मग काय ते बघू. तितं एक वकील बाई हाय वळखीची, मराठीत बोलती, चौकीत कन्नडात काय सांगायचं ते ती सांगंल."

मी म्हणलं, "तो सोडायचा न्हाय."

"तेला इचारायचं कशाला? शेवटच्या सीनला तो स्टेजवर असतोय. मी पिशवी घेऊन दाराभाईर जातो, तो आत एकटा, तेचं मोठं भाषण हाय. तेला हालता येत न्हाय तितनं, समोर गाव बसलंय. माजी गाडी शाळंच्या मागं उभी असती. तू पोरगीला घेऊन गाडीत बस. पडदा पडला की मी तोंड बी धूत न्हाय, तशीच येतो."

मी इचार केला आणि मला त्यात चूक सापडंना. कवा न्हवं ते मला पोटात गार वाटलं. आमचं सगळं घरदार तेच्या हातात हुतं, आणि तेला जागेवर खिळून ठेवणारी एकच गोष्ट हुती, ती म्हणजे टाळ्या.

जत्रंच्या सांजला नाटक चालू झालं. पोरगीचे दोन फराक, दुधाची बाटली आणि माजं आधार कार्ड मी निपाणीच्या बाईच्या पेटीत साड्यांखाली घातलं. मला मागं साड्या बदलायला थांबाय लागायचं, म्हणून पोरगी आक्काजवळ, बायांच्या पयल्या रांगंत. दुसरं कोणाकडं देणार? ती आक्काकडंच गप बसती.

शेवटचा सीन आला. निपाणीच्या बाईनं पिशवी उचलली, माज्याकडं बघितलं आणि दाराभाईर आली, म्हणजे पडद्याच्या आड, माज्याजवळ. "जा," म्हणाली. "मी जरा जास्त थांबतो भाईर."

मी मागनं फिरून बायांच्या रांगंत गेले. वाकून आक्काला म्हणलं, "पोरगीला द्या."

"थांब गं, शेवटचा सीन हाय. बघू दे तिला तिच्या बाला."

"आक्का, द्या. तिला भूक लागलीय."

"आत्ताच बिस्कीट दिलंय. खाली बस, मागच्यास्नी दिसंना झालंय." मागनं बाया बी वरडाय लागल्या, ए बस की खाली. मी पोरगीचा हात धरून वढला, पोरगी रडाय लागली, आक्कानं तिला अजून आवळून धरलं. "काय झालंय तुला आज?" म्हणाली. मला तिच्या कानात सांगायचं हुतं, आक्का, मी चाललोय. पण दोन्हीकडं तेच्या भावकीतल्या बाया बसलेल्या.

वर तेचं भाषण संपलं. आता तिनं आत यायचं हुतं. ती आली न्हाय. तेनं शेवटचं वाक्य परत म्हणलं. ती आली न्हाय. मागनं कोणतर कुजबुजालतं, जावा की आत. पब्लिक शिट्ट्या माराय लागलं. मला म्हाईत हुतं ती कोणासाठी थांबलीय, आणि मी हितं पोरगीचा हात वढत उभी. मग तो सरळ पडद्याआड गेला आणि तिला मनगटाला धरून फरफटत आत आणली. नाटकात ते न्हवतं. तिच्या बांगड्या फुटल्या, काचा फळीवर पडलेल्या दिसालत्या. गावानं उभं ऱ्हाऊन टाळ्या वाजवल्या. असल्या टाळ्या आमच्या जत्रंत कवा वाजल्या न्हवत्या म्हणत्यात.

पडदा पडला आणि लगेच परत उघडला, हारासाठी. मंडळाच्या पोरांनी आक्काच्या मांडीवरनं पोरगीला उचललं आणि वर दिलं तेच्याकडं. तेनं तिला खांद्यावर बसवलं. एक हार तेच्या गळ्यात, एक तिच्या. मोबाईलचे फोटो चालू झाले. सर माइकवर म्हणाले, "सत्तेचं असं दर्शन मी शेरात बी बघितलेलं न्हाय."

मी शाळंच्या मागं पळाले. गाडी चालू हुती. निपाणीची बाई तोंडाला तसाच रंग, मनगटाला रुमाल गुंडाळलेला, दार उघडं धरून उभी.

"पोरगी?"

"वर हाय. तेच्या खांद्यावर."

"घेऊन ये."

"देत न्हायत ताई."

ड्रायव्हर म्हणाला, "चला की वो बाई, माणसं यायलीत हिकडं." खरंच यायलती, तिच्याबरोबर फोटो काढायला. तिनं माजा दंड धरला. मग म्हणाली, "तू तरी बस. तू जित्ती असलीस तर पोरगी कवातरी मिळंल. वकील बाई आणून देईल."

मी गाडीच्या दाराला हात लावून उभी. स्टेजवरनं माइकमधनं पोरगीचं रडणं ऐकू यायलतं, एवढ्या मोठ्यानं कवा ऐकलं न्हवतं मी तिचं रडणं, सगळ्या गावावर ते चाललेलं, आणि लोक हासालते. मला वाटलं आता एका रातीत तो तिला काय करणार न्हाय. मग वाटलं, मी न्हाय म्हणून कळलं की कोणावर काढंल? घरात तिसरं कोण हाय?

मी दारावरनं हात काढला. गाडी गेली. मी फुटक्या बांगड्या गोळा कराय स्टेजवर गेले, पोरगीच्या पायात काच जाईल म्हणून.

ते सगळं संपून आता बरेच दिवस झाले. भूमिका कायच उतरलेली न्हाय. आता गल्ली म्हणती, "अजून नाटकातनं भाईर पडला न्हाय बिचारा." नाटक बेळगावला स्पर्धेला घेतलंय, त्यामुळं प्रॅक्टिस परत चालू. तेला काय कळलं कुणास ठाऊक, का नुसता वास आला, माजा फोन तो ड्युटीला जाताना घेऊन जातोय आता. निपाणीच्या बाईनं स्पर्धेला यायला नकार दिला म्हणं, मंडळ दुसरी नटी बघालंय. आक्का माज्याशी बोलती, पण डोळ्यात बघत न्हाय, आणि दुपारी खिडकी लावून घेती. पोरगी आता तेचा गाडीचा आवाज आला की खेळणं ठेवून देती आणि माज्या मागं येऊन उभी ऱ्हाती, गप. तिला कोणी शिकवलं न्हाय ते.

ज्यांस्नी म्हाईत हाय ती मला हेच सांगत्यात, तवा असं कराय पायजे हुतंस, तसं कराय पायजे हुतंस. आई म्हणती गप बसलीस तेच बरं केलंस. वकील बाईचा निरोप एकदा आलता भाजीवालीकडनं, की तवा गाडीत बसायला पायजे हुतं, पोरगी कोर्टातनं आणली असती. असंल बी खरं. मी नववीत शाळा सुटलेली बाई, मला कोर्टाचं काय कळतंय. मी रोज भांडी घासताना तेच घेऊन बसते, आणि मला अजून उत्तर येत न्हाय, म्हणून तुमाला इचारते. दार उघडं, ड्रायव्हर घाई कराय लागलेला, आणि लेकरू स्टेजवर तेच्या खांद्यावर रडालंय. तुमी असता तर बसला असता काय गाडीत?